घत्तासभावजींचे फुकट विजेचे यंत्र

बेरूत, मंगळवार

ती. नसरीमामांना वदीहचा नमस्कार. मामींचे गुडघे त्यांना द्राक्षमळ्यात चढू देतात की त्या अजून खालूनच तुम्हांला हाका मारतात? इथे सगळे ठीक. (हे खरे नाही, पण पत्राची सुरुवात खऱ्याने केली तर पुढे काय लिहावे?)

आमच्या घत्तासभावजींनी इंधनाशिवाय वीज काढणारे यंत्र केले. त्यात आईच्या धुलाई यंत्राची मोटर आणि चर्चच्या जुन्या कर्ण्यांतली लोहचुंबके आहेत. हा शोध तेलवाले देश, अमेरिका आणि आपल्या गल्लीला वीज विकणारा जनरेटरवाला अबू शरबेल यांनी मिळून साठ वर्षे दाबला, असे ते सांगतात. (अबू शरबेल त्रेपन्न वर्षांचा आहे.)

गुरुवारी दुपारी, जनरेटर विश्रांती घेत असताना, भावजींनी सगळ्या इमारतीसमोर यंत्राची तार घराच्या बोर्डाला जोडली आणि चाक फिरवले. दिवे लागले! लिफ्टसुद्धा हलली. सरकारी वीज आली असेल, हे एकाच्याही मनात आले नाही. ती येईल असे कुणाला सुचणार? (डायरीत पाहिले : मागची एकोणीस दिवसांपूर्वी, सतरा मिनिटे.) इमारतीत पदवीधर मीच, म्हणून ‘यंत्र चालते’ या कागदावर माझी सही घेतली. भावजी तडक खाली गेले. ‘घे तुझी पाच अँपिअरची जोडणी परत, चोरा!’ अबू शरबेलने शांतपणे आमची तार कापली. ‘बरं हबीबी. मेणबत्त्या माझ्या भावाकडे मिळतात.’

चाळीस मिनिटांनी दिवे गेले. अबू शरबेल यंत्राच्या लहरी अडवतो, असे भावजींचे म्हणणे. तार परत मागायला त्याच्याकडे कुणी गेले तर ते नजलाताईला घेऊन घर सोडणार. आईचे इन्सुलिन खाटकाच्या फ्रीजमध्ये, कलेज्यांशेजारी आहे. आई म्हणते, ‘सुई टोचली की मेंढीसारखं ओरडावंसं वाटतं.’ काल खाटीक लग्नाला गेला, दुकान बंद. तिचा डोस चुकला. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

तुमचा,
वदीह

ता.क. अबू शरबेल तुमचा शब्द मोडत नाही. मागच्या गॅलरीतून गुपचूप तार द्यायला सांगा. भावजी रोज सहाला चाक फिरवतात, जोडणी तेव्हाच व्हावी. यंत्राला यश मिळेल आणि इन्सुलिन घरी येईल.

ता.क. २. गुरुवारी समोरच्या इमारतीतही दिवे लागलेले मी खिडकीतून पाहिले होते. सही त्यानंतरची आहे. नजलाताई टाळ्या वाजवत होती हो. एवढा भाग फाडून मग मामींना वाचायला द्या.