कंसातलं आडनाव

अभि,

तुझा प्रबंध वाचून टेबलावर ठेवलाय. माझ्या लेखाचा आधार घेतलास तिथे सगळीकडे कंसात आपलं माहेरचं ‘आपटे, २०१९’ केलंस. भाऊबीजेला हातावर चॉकलेट टेकवणारा तू, बहिणीवर एवढा उदार कधी झालास? पण लेख छापला तेव्हा मी मुजुमदार होते आणि शेवटच्या संदर्भसूचीतही तेच आहे. कंसातलं नाव सूचीत सापडलं नाही, तर तुझे गाइड आजच प्रबंध परत करतील. मुकाट्याने सगळीकडे ‘मुजुमदार’ कर, मगच जयेंद्रगंजच्या दुकानात प्रिंटला जा.

मी कोर्टात चाललेय, शेवटची तारीख आहे. आईला कॉलेजात गेले म्हणून सांग, नाहीतर ती समेटासाठी मुजुमदारांकडे फोन लावून बसेल. ते आडनाव मी न्यायाधीशांसमोर उतरवून येते. तुझ्या कंसात राहू दे.

ताई