गाडी रस्त्यावर तापते

६ नोव्हेंबर, बुधवार

गाडी आज परत तापली. येलदरीच्या चढाला काटा लाल पट्टीवर. हे चालवत होते तेव्हा कधी तापली नाही. हे गेल्यावर पप्पूने नोकरी सोडून भावाचं स्टेअरिंग धरलं, आणि तेव्हापासून प्रत्येक फेरीला हेच.

सासूबाई म्हणाल्या, "माझा नागेश रुसलाय. दुसऱ्याचा हात चालंना त्याला."

मामंजी म्हणाले, "पाथरीचं गिऱ्हाईक पुढच्या रविवारी यायलंय. तवर नीट झाली तर झाली, न्हाईतर देऊन टाकू."

पप्पू जेवला नाही. मला काही वाटलं नाही. भाकरी केल्या, भांडी घासली.

८ नोव्हेंबर

जिंतूरला गॅरेजवर मीही गेले. घरात बसून काय करायचं! गौसभाई मिस्त्री ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी रेडिएटर धुतला – बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार निघाला. थर्मोस्टॅट बदलला, फॅनचा पट्टा कसला. टेम्पोचं समोरचं झाकण वर उचलून इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट चांगलं. काटा मधोमध.

निघताना म्हणाले, "पप्पू, सामने से हवा लगने दे बस."

"मारली की हवा, चाचा! कॉम्प्रेसरनं!"

ते माझ्याकडे बघून हात धुवायला गेले.

९ नोव्हेंबर

तापली. चढाच्या आधीच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सोयाबीनची पोती घेऊन परभणीच्या मोंढ्याला. मी पप्पूच्या शेजारी. बोरीच्या अलीकडे काटा चढला. पप्पूने थांबून समोरचं झाकण उचललं, काटा उतरला. झाकण लावून निघालो – परत चढला. परत तेच.

मग मी खाली उतरून समोर उभी राहिले.

झाकणावर जाळी आणि जाळीवर ह्यांचा फ्लेक्स. या कडेपासून त्या कडेपर्यंत. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' वारा आत जायला बोटभर जागा नाही! गॅरेजात झाकण वर असतं, फ्लेक्सही त्याच्याबरोबर वर जातो. म्हणून तिथे तापत नाही.

फोटो मीच निवडला होता. माझ्या भावाच्या लग्नातला. दुकानवाल्याने मला कापलं, पण ह्यांच्या खांद्यावर माझी बोटं राहिली आहेत. पप्पूने नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधलाय. गाडी निघताना सासूबाई रोज त्याला हात लावतात.

पप्पूला काही बोलले नाही.

१४ नोव्हेंबर

गौसभाईंना फोन केला.

"मालूम था भाभी. पहले दिन से. लेकिन मैं कैसे बोलूं, नागेश को नीचे उतारो करके?"

मीही कसं बोलू. पण नाही बोलले तर रविवारी गाडी जाईल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं.

पप्पू म्हणाला, "वहिनी, गाडी गेली तरी चालंल. दादाला मी न्हाई काढणार."

सासूबाई उठून बाहेर गेल्या. मी कात्री घेऊन मागे गेले. त्यांनी फ्लेक्सची एक कड धरली.

"काप, धम्मशीले. किती दिस उभं करायचं लेकराला उन्हात?"

कापली दोरी. त्यांनी पदराने धूळ पुसून गुंडाळी केली. त्या रडल्या नाहीत. मीही नाही.

१७ नोव्हेंबर

पप्पू भरल्या गाडीने येलदरीचा चढ चढून आला. काटा हलला नाही! मामंजींनी पाथरीला फोन करून नको म्हणून सांगितलं.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी खिडकीतून गाडी येताना दिसली. समोर काही नाही, नुसती जाळी. पहिल्यासारखी. मी उठले आणि ह्यांचा चहा ठेवला, कमी साखरेचा.

उतरला तो पप्पू.