कडूबाला मेल जात नाही

३ मार्च २००४, सकाळ

...गेल्या वर्षी अंगण झाडून, सडा टाकून मी भांडी घासायला बसले होते, तेव्हा माझा धाकटा भाऊ कडूबा दारात येऊन उभा राहिला. हातात दुखवट्याची साडी. हे जाऊन चौदा दिवस झाले होते. हात ओले आहेत, मंग बघू, एवढंच मी म्हणाले. भाऊच तो, समजला असेल.

आता ह्यांचं वर्षश्राद्ध पंचवीस तारखेला. फोन तो उचलत नाही. ऑफिसात कामं फार असतात त्याला. म्हणून मेल केला. परत आला.

५ मार्च

सायबर कॅफेवाल्या सर्जेरावांकडून मेलचे नियम छापून आणले. ऐंशी पानं. डिक्शनरी घेऊन सहा वाचली. समोरचा सर्व्हर मेल नाकारताना आकडा देतो. चारने सुरू झाला तर आत्ता नाही, नंतर पाठवा. पाचने झाला तर तसाच पुन्हा पाठवू नका. माझा पाचशे पन्नास. पण ‘तसाच’ नको म्हटलंय, म्हणजे बदलून चालतो. नियम माझ्या बाजूने आहे.

८ मार्च

‘ये’चं ‘जरूर ये’ केलं. परत. ‘वेळेवर ये’ केलं. परत. सर्जेराव म्हणाले, ताई, मजकुरात बिलकुल गडबड न्हाई. किती पानं वाचली तुम्ही, असं मी विचारलं.

१२ मार्च, दुपार

सापडलं. प्रत्येक सर्व्हरला पोस्टमास्तर असतो, आणि त्याच्या नावचा मेल नाकारता येत नाही. कडूबाच्या ऑफिसच्या पोस्टमास्तरला कडक शब्दांत लिहिलं: बहिणीचा मेल कोणत्या नियमाने अडवता? बिचाऱ्याची नोकरी जाऊ नये, एवढीच काळजी.

१६ मार्च

पोस्टमास्तरचं उत्तर आलं. सभ्य माणूस. सर्व्हर ठीक आहे म्हणतो. कडूबारावांनीच सांगून तुमचा पत्ता बंद करवला, आणि तसं करणं नियमात बसतं. ताईंनी विचारलं तर द्या म्हणून त्यांनी एक निरोप ठेवलाय, आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही: हात ओले आहेत.

खरं तर तो साडी घेऊन आला तेव्हा भांडी घासून झाली होती. हातही पुसले होते. ह्यांच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नव्हता, म्हणून घेतली नाही साडी. तोंडाने चारचा आकडा सांगितला, मनात पाचचा होता. तो बराबर समजला. ऐंशी पानं मलाच वाचावी लागली.

१७ मार्च

पहिल्या एस.टी.ने औरंगाबादला कडूबाच्या घरी गेले आणि साडी मागितली.