डॉक्टर काजळीला दुष्टपणा साधला

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींनी कानाचं यंत्र आणल्याचं कळलं, आणि आणल्यावर ते कुठे ठेवलं तेही कळलं (कपाटाच्या वर, तुझा हात पोचत नाही तिथे). त्यांच्यावर रागावू नकोस, या वयात माणसाला थोडी शांतता लागते. इकडे आम्ही ठणठणीत. तुझ्या भावजयीला यंदा पहिलीचा वर्ग दिलाय, त्यामुळे मी जास्त बोलायला लागलो की ती मला हाताची घडी घालायला सांगते आणि मीही सवयीने घालतो.

तर आनंदाची बातमी अशी, की तुझा भाऊ अखेर दुष्ट झाला. साधासुधा नाही, ज्याला माफी नाही असा. तुला माहीत आहे, आयुष्यभर मी रंगमंचावर प्रेमळ वडील, कनवाळू डॉक्टर आणि हरवलेली मुलं घरी आणून सोडणारे पोस्टमन केले. या हंगामात आमच्या बालनाट्यवाल्यांनी सुपरहिरोचं नाटक घेतलं. नायक वीजवीर, त्याच्या मुठीतून वीज सुटते (विंगेतला माणूस दिवा उघडझाप करतो), आणि त्याचा जन्माचा वैरी डॉक्टर काजळी, म्हणजे मी. काळा झगा, टोकदार मिशी, पाठीवर धूर सोडणारं यंत्र. शेवटी वीजवीर मला डोक्यावर उचलतो आणि अथांग विवरात फेकतो. विवर म्हणजे रंगमंचाच्या मागच्या कडेला ठेवलेला अंधारा चौकोन, त्याच्या खाली गादी. ती घालणारे आमचे एक जुने सहकारी आहेत, त्यांना सगळे गादीवाले म्हणतात.

पहिल्या प्रयोगाला सगळं मनासारखं झालं. मी शहराचा सूर्य झाकला, पूल उडवला, महापौरांना बाटलीत कोंडलं. शेवटी वीजवीराने मला उचललं, प्रेक्षकांकडे वळला आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "मित्रांनो, काय करू या दुष्टाचं?" आता पोरांनी ‘फेका’ म्हणायचं. पोरं म्हणाली, "सोडा त्याला!" वीजवीराने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी तर रडायलाच लागली, "त्यांना खोकला झालाय, त्यांना खाली ठेवा." (धुराने मला खरंच ठसका लागला होता.) वीजवीर व्यायामशाळेत वजनं उचलतो हे खरं, पण वजन तिथे वाद घालत नाही. तो थरथरायला लागला, मी वरून कुजबुजलो, "फेक रे बाबा," तर ते ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू गेलं, आणि अख्खं सभागृह माझ्या धैर्याला टाळ्या वाजवायला लागलं. पडदा पाडावा लागला.

आमच्या दिग्दर्शिका वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण समोर उभ्या राहिल्या की मी आपोआप शर्टाची बटणं तपासतो. त्या म्हणाल्या, "काका, तुमची कीव येऊन चालणार नाही. खलनायक असा हवा की त्याच्या सुटकेचा विचारही कुणाच्या मनाला शिवू नये." मी म्हटलं, बघाच. मग आम्ही गुन्हे वाढवले. काजळीचं दुःखी बालपण होतं, ते कापलं. नद्या आटवल्या. चंद्राला भोक पाडलं. उपयोग शून्य. पोरं प्रयोगानंतर फाटकाशी थांबून विचारायची, चंद्राला भोक पाडायचं यंत्र कसं चालतं आणि ते घरी करता येईल का. मग दिग्दर्शिकाबाईंनी मला कुत्र्याला लाथ मारायला लावली (कापडी कुत्रा, आत भुसा). मी मारली, पण बिचाऱ्याची तंगडीच निखळून आली, आणि ताई, तोंडातून निघून गेलं, "अरे अरे, लागलं का रे?" वर ती तंगडी उचलून मी त्याला परत लावायला लागलो. सभागृह हसून लोळलं. दिग्दर्शिकाबाई विंगेत डोकं धरून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फार गोड आवाजात सांगितलं की पुढच्या प्रयोगातही असंच झालं तर काजळीचं काम महापौर करतील. मी महापौर व्हायचं, म्हणजे बाटलीत बसायचं.

तू म्हणशील, मग बसायचं बाटलीत, त्यात काय. पण त्या नटाला मी ओळखतो. तो भुवया उडवण्यालाच अभिनय समजतो. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं चांगला माणूस करून मला कंटाळा आलाय. चांगल्या माणसाला नाटकात कुणी बघत नाही, तो नुसता भेटवस्तू घेऊन आत येतो. म्हणून मी अभ्यासाला लागलो. बाहेर पडलो की जगात कोण खरोखरचा नीच आहे ते शोधायचं. पहिला सापडला तो वीजबिलाच्या खिडकीवरचा माणूस. माझा नंबर आला की खिडकी बंद करणारा. टक लावून बघितलं, तर त्याच्या पायात दोन वेगवेगळे मोजे होते, आणि फोनवर तो कुणाला तरी औषध घेतलंस का म्हणून विचारत होता. गेला, हातचा गेला. मग आमच्या वरच्या मजल्यावरचा, सुट्टीच्या दिवशी सकाळी भिंतीला भोकं पाडणारा. तावातावाने वर गेलो, तर तो एकटाच एक शेल्फ लावत होता आणि ते प्रत्येक वेळी तिरकं होत होतं. मी दुपारपर्यंत त्याचं शेल्फ धरून उभा होतो. जवळून बघितलं की कुणीच धड दुष्ट निघत नाही, ताई, या धंद्यात हीच मोठी अडचण आहे.

शेवटी तुझ्या भावजयीने उलगडा केला. ती वह्या तपासत होती, मी स्वयंपाकघरात काजळीचं हसणं घोटवत होतो. तिने मान वर न करता विचारलं, "हा तुमचा काजळी पूल उडवतो, तेव्हा पूल उडाला हे कबूल करतो ना?" म्हटलं, कबूल काय, गर्जून सांगतो. "मग कसला दुष्ट," ती म्हणाली. "माझ्या वर्गात ज्याला मार बसतो त्याचं रडू मधल्या सुट्टीपर्यंत थांबतं. पण मारणारा जर म्हणाला ना, की मी मारलंच नाही, तुला उगाच वाटतंय, तर ते पोर घरी जाईपर्यंत हुंदके देतं. त्याचं दुखणंसुद्धा काढून घेतलेलं असतं." आणि पुन्हा लाल पेन चालू. मी हसणं तिथेच थांबवलं. रात्रभर गाढ झोपलो, कारण काम झालं होतं.

पुढच्या प्रयोगाला मी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या अंकात मी शहरात पूर सोडतो. म्हणजे चार जण निळं कापड हलवतात, आणि वीजवीराची आई त्यात गुडघाभर उभी राहून टाहो फोडते, माझं घर वाहून गेलं. इथे मी गडगडाटी हसायचं. मी हसलो नाही. कापडातून हळूहळू चालत गेलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि अगदी मायेने म्हणालो, "कसला पूर, आई? मला तर कुठे पाणी दिसत नाही. तुम्ही ना, सगळंच फार मनाला लावून घेता."

ताई, कापड हलवणारेसुद्धा थांबले. मग मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "आहे पाणी!" त्यानंतर जे झालं ते शब्दांत सांगणं कठीण. सगळी पोरं खुर्च्यांवर उभी. "आहे! आहे पाणी! आम्ही बघितलं!" मागच्या खेपेला माझ्या खोकल्यासाठी रडणारी चिमुरडी (आईच्या मागे लागून पुन्हा आली होती) चपला काढून तयार. एक आजी छत्री घेऊन पायऱ्यांपर्यंत आल्या, त्यांना दोघांनी धरलं. वीजवीराने मला उचललं, तेव्हा त्याला प्रश्न विचारायची वेळच आली नाही. "फेका! फेका!" आणि मी विवरात दिसेनासा झाल्यावर एक पोरगं ओरडलं, "वर झाकण लावा!" झाकण नाटकात नव्हतंच. दिग्दर्शिकाबाईंनी पुढच्या प्रयोगापासून करून घेतलं.

(जाता जाता सांगतो, त्या दिवशी खाली गादी नव्हती. गादीवाले विसरले. विंगेत उभं राहून तेही माझ्यावर संतापले होते म्हणे. मी जमिनीवर आपटलो, आणि हे पत्र कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्याने लिहितोय. असो, यशाला किंमत असतेच.)

सगळ्यात नवलाची गोष्ट प्रयोगानंतरची. फाटकाशी पोरं एकही थांबलं नाही, थांबले ते आईबाप. एक बाई जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना तुम्ही कुठे भेटलात?" एक गृहस्थ म्हणाले, हा माझा साहेब, हुबेहूब. एका म्हाताऱ्या माणसाने नुसता माझा हात धरून ठेवला, डोळे भरले होते. मी सगळ्यांना सांगितलं, हे पात्र पूर्णपणे काल्पनिक आहे, माझ्या प्रतिभेतून आलंय. महापौर बाटलीतच राहिले आहेत आणि पुढचे सगळे प्रयोग आधीच भरलेत. भाऊजींना नमस्कार. यंत्र कानात असेल तर तोंडी सांग, नसेल तर पत्र दाखव.

तुझा लाडका,
धाकटा

ता.क. पात्र काल्पनिक आहे हे मी लोकांना सांगितलं, तुला सांगून उपयोग नाही, म्हणून लिहितो. तू आठवत असशील, मी दुसरीत असताना शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी तू कात्रीने माझे पुढचे केस उडवलेस, आणि मी भोकाड पसरल्यावर आईसमोर माझ्या टकलावरच दोनदा थोपटून म्हणालीस, "कुठे कापलेत? मला तर आहेत तसेच दिसतात." आईलाही मग तसेच दिसायला लागले. तो हात आणि तो आवाज मी जसाच्या तसा उचललाय. श्रेय जाहीर करायचं असल्यास कळव.

दुसरा ता.क. नाटकाचा दुसरा भाग ठरलाय. काजळी झाकण उघडून परत येतो आणि आधीपेक्षा भयंकर असतो. माझ्याकडचे संवाद संपले. तेव्हा तू थोडे दिवस इकडे राहायला ये. काही करायचं नाही, नेहमीसारखी वाग, जेवताना नेहमीसारखी बोल. मागची खोली झाडून ठेवलीय. भाऊजींना आणायची गरज नाही, त्यांनाही विश्रांती मिळेल.

तिसरा ता.क. (हे मी लिहितेय, तुमची भावजय.) ताई, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. त्या प्रयोगाला मी विंगेतच होते. गादी जागेवर होती. यांनी ऐन वेळी टाळ्या घ्यायला हवेत हात हलवले आणि कडेला पडले. तेव्हापासून गादी नव्हतीच असं सगळ्यांना सांगताहेत, तेही गादीवाल्यांच्या खांद्यावर थोपटून, आणि आता त्या भल्या माणसालाही वाटायला लागलंय की आपण खरंच विसरलो. तुम्ही लवकर या. येताना कात्री आणा.