परक्याचा देह धुताना

पपा, आज दुपारी माझ्या वॉर्डात एक माणूस गेला, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. रत्नागिरीकडचा, इथे आखातात, रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीत फिटर. तीन आठवडे होता, मला ताई म्हणायचा. डॉक्टरांनी सही केल्यावर मी कोमट पाणी मागवलं. सोबतची नर्स म्हणाली, "सिस्टर, खलास हो गया. अब गरम पानी किसके लिए?" मी म्हटलं, "इनके लिए." त्याच्या टाचांच्या भेगांत अजून सिमेंट होतं. सावकाश पुसून काढलं.

हात चालत होते आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मी सतरा वर्षांची. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांत, नुसत्या पाण्यावर राहायचा हट्ट धरलाय, आणि चौथ्या दिवशी चुलीपाशीच चक्कर येऊन पडते. तुम्ही चर्चमधून धावत येता. एरवी पुलपिटावरून उपदेश करतानाही न चढणारा तुमचा आवाज चढतो, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हणते, "देह काय, मातीच तर आहे." तुम्ही पिठलं-भात कालवता आणि मला लहान मुलीसारखं भरवता भरवता सांगता, की पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या काळातही देहाला आत्म्याचा तुरुंग म्हणणारे होते, पण मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ते मानलं नाही. उपवास मंडळीतल्या लोकांनीही केले, पण वाचलेलं अन्न उपाशी माणसाला दिलं. साथ आली तेव्हा परक्यांची प्रेतंसुद्धा धुतली. जो देह देवानं घडवला, जो मेलेल्यांतून पुन्हा उठायचा आहे, तो टाकाऊ कसा? "देहाला छळून आत्मा मोठा होत नाही, बाळा. जेव."

संध्याकाळी त्या माणसाचा रूममेट आला. भांग पाडलेले केस, स्वच्छ चादर बघून रडायलाच लागला. "ताई, घरच्यांनी केलं असतं तसं केलंत." ते मला ऐकवेना.

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. दादाला मी फोनवर सांगितलं होतं, रजा मिळाली नाही. पपा, मी रजा मागितलीच नव्हती. तुम्हाला निपचित पडलेलं बघायची भीती वाटली. आत्मा प्रभूजवळ गेला, तिथे आता नुसता देहच तर आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुमची मुलगी असून.

हे पत्र कुठे पाठवणार? दादाला दाखवायचाही धीर नाही. तुम्हाला शेवटची आंघोळ कुणी घातली, हेसुद्धा मी त्याला आजवर विचारलेलं नाही.