फिकी हळद

मंगळवार, दिवेलागणीची वेळ, वसमत

बारा वर्षं झाली हळद दळून पाकिटं विकते, पण एवढी मोठी ऑर्डर आज पहिल्यांदाच आली, आणि मी सोडली. पुण्याचा व्यापारी पाकीट फोडून म्हणाला, "ताई, हळद फिकी दिसते. जरा रंग मिसळा, सगळा माल उचलतो."

फिकी म्हणे!

मी म्हटलं, "मिसळणार न्हाई. पाकिटावर माझं नाव हाय."

पाकिटं भरणाऱ्या सुमनबाईनं हळूच विचारलं, "काहून सोडून राहिल्या, ताई?" चुकलं का माझं? छे. तिला म्हटलं, "तुझी लेकरंबी हीच खातात ना?" ती हसली. फिकी तर फिकी.

व्यापारी चहा संपवून निघाला, अन् दारातून परत वळला. "दोन किलो द्या. घरच्यासाठी."

दिली. पूर्ण भावात.