सहा घरांचा नियम

केदारखेडा. सोमवार, आश्विन, १९४६.

मास्तरांनी आज पुन्हा डोकं फिरवलं. शाळेच्या ओट्यावर खडूनं घरं आखून त्यांनी लढाईचा खेळ काढलाय. चिंचोके माझी पलटण, खडे त्यांची. एक घर म्हंजे दहा पावलं. नियम असा, की दुश्मन सहा घरांच्या आत आला की तो दिसला. बस्स.

मी म्हणालो, "मास्तर, दिसणं इतकं सोपं असतं व्हय? मधे झाडी असली तर?"

"मंग चार घरं धरू, हवालदार."

चार धरा, न्हाईतर दोन धरा. बर्म्याच्या लढाईत मी एका झुडपाकडं सकाळभर बघत बसल्तो. पन्नास पावलांवर असेल. त्यात माणूस आहे, हे गोळी आल्यावर कळलं. गोळी माझ्या बाजूच्या कासीमला लागली, तो तिथंच गेला. हे कोणत्या घरात बसवायचं?

मास्तरांना सांगितलं तर त्यांनी हातातला खडा खाली ठेवला. मंग म्हणाले, "बराबर आहे तुमचं. पण असं धरलं तर खेळच होणार न्हाई."

चिंचोके तसेच टाकून निघालो. वाटेला ज्वारी डोक्याच्या वर गेलीय. आतून धाकट्या भावाचा आवाज आला. "दादा, कवाचा हात करून राह्यलो. माझ्याकडंच बघून राह्यलास अन् बोलत न्हाईस?"

दहा पावलांवर उभा होता. डोक्याला पांढरा पटका.

मास्तरांना हे बिलकुल सांगणार न्हाई. म्हणतील, सहा घरांच्या आत होता की. होताच. कासीमला मारणाराही आतच होता.